पहिलीच्या बाई आणि ‘गेट’चा गोतावळा

पंचवटीच्या गल्लीत एखादा तिशीतला, पोट सुटायला लागलेला गृहस्थ स्कूटरवरून एकदम खाली उतरला आणि स्कूटर हाताने ढकलत मुकाट्याने चालायला लागला, की खुशाल समजावं, समोरून बाई येताहेत. त्याने पहिली आमच्या शाळेत काढलेली असायची. बाई त्याच्यापाशी थांबायच्या, त्याला पायापासून डोक्यापर्यंत बघायच्या आणि म्हणायच्या, "नखं वाढलीत." तो हात पाठीमागे न्यायचा. सोबत बायको असली तर तिला हसू आवरत नसे.

बाई म्हणजे आमच्या शाळेतल्या पहिलीच्या बाई. त्यांना नाव होतं, आडनाव होतं, पण ते पगारपत्रकापुरतं. शाळा एका खाजगी संस्थेची, मराठी माध्यमाची, भाजीबाजाराच्या मागच्या अंगाला. पोरं म्हणजे मखमलाबाद-म्हसरूळकडून भाजी आणि फुलं घेऊन येणाऱ्यांची, रिक्षावाल्यांची, गल्लीतल्या भिक्षुकांची. सकाळी तिसरी-चौथी भरायची, दुपारी पहिली-दुसरी. पंचवीसेक वर्षं बाईंनी दुपारची पहिली सोडली नव्हती. दोनदा त्यांना मुख्याध्यापक करायचं ठरलं आणि दोन्ही वेळा त्यांनी नकार लिहून दिला. "मुख्याध्यापकाला फायली मिळतात, पोरं मिळत नाहीत," म्हणायच्या.

मी डीएड करून नांदगावहून आले आणि शाळेत लागले तेव्हा बाई पन्नाशी ओलांडून बऱ्याच पुढे गेल्या होत्या. मनगटावर पुरुषी घड्याळ, काखेत बारमाही छत्री. पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं, "रडणारं पोर गप्प करता येतं का?"

"प्रयत्न करीन," मी म्हटलं.

"प्रयत्नाचं नाही विचारलं. येतं की नाही ते सांगा."

मला भयंकर राग आला. पुढे रागाचीही सवय झाली आणि बाईंचीही.

त्यांच्याकडे एक लाल पेन्सिल असायची. वर्तमानपत्रही ती पेन्सिल हातात धरूनच वाचायच्या. कुणी लग्नपत्रिका आणून दिली तर तिथल्या तिथे तपासायच्या, चुकांभोवती गोल काढायच्या आणि खाली दहापैकी गुण देऊन पत्रिका परत करायच्या. मुलीचा बाप ओशाळून उभा. "लग्नाला येईन. पण वराकडची मंडळी हे वाचतील त्याचं काय?" असं वर त्यालाच विचारायच्या. आहेर मात्र भरघोस असायचा, म्हणून लोक पत्रिका देत राहिले.

दोन हजार सालच्या जूनपासून मराठी शाळांत पहिलीला इंग्रजी आलं. पोरं बिनघोर होती, झोप उडाली ती शिक्षकांची. बाई इंग्रजी विषय घेऊन मॅट्रिक झालेल्या, पण ते इंग्रजी ट्रंकेत ठेवलेल्या शालूसारखं, कधी अंगावर न चढलेलं. आमच्या संस्थेच्या सेक्रेटरींना वेगळीच काळजी. आजूबाजूला इंग्रजी शाळा निघत होत्या, पालक तिकडे वळत होते. त्यांना पहिलीच्या वर्गात तरुण, टापटीप, इंग्रजी बोलणारं कुणीतरी उभं करायचं होतं. त्यांची बाजू अगदीच खोटी होती असं मी म्हणणार नाही. पण त्यासाठी त्यांनी जे केलं, त्याचा संताप मला आजही येतो.

त्यांचा पुतण्या कॉलेज रोडला इंग्रजी संभाषणाचे वर्ग घ्यायचा. त्याला त्यांनी आमच्यावर सोडला. शनिवारी सगळेच वर्ग सकाळी भरायचे; शाळा सुटली की दर शनिवारी आम्ही सगळ्या शिक्षकांनी त्याच्यापुढे बसायचं. भर उन्हाळ्यातही टाय लावून यायचा. पहिल्याच शनिवारी त्याने झेरॉक्स वाटले. त्यात इंग्रजी वाक्प्रचारांची शंभराची यादी, डावीकडे इंग्रजी, उजवीकडे मराठी अर्थ. सगळी पाठ करायची. वर्षाअखेरीला परीक्षा, आणि जो नापास होईल त्याला पहिली मिळणार नाही. पहिलीचा वर्ग एकच होता आणि तो बाईंचा होता, तेव्हा हा दम कुणाला होता हे सांगायला नको.

"माझी पहिली काढून घेणार? बघतेच," बाई म्हणाल्या.

त्या आठवड्यात त्यांनी रविवार कारंज्यावरून जुन्या बाजारातला एक जाडजूड शब्दकोश आणला. मधल्या सुट्टीत तो उघडून बसल्या आणि एकदम ओरडल्या, "अहो, हे बघा! ‘गेट’ म्हणून एवढंसं क्रियापद, आणि गोतावळा केवढा! पानंच्या पानं भरलीत. उठायचं हेच, उतरायचं हेच, मिळायचं, पोचायचं, समजायचं, दुखण्यातून उठायचं, कामातून अंग काढून घ्यायचं, सगळीकडे हेच मेलं."

"म्हणून तर यादी पाठ करायची," मी म्हटलं. माझी निम्मी झालीसुद्धा होती.

बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "तुम्हाला ‘लागणे’ कुणी शिकवलं?"

"म्हणजे?"

"भूक लागते, ठेच लागते, आग लागते. नोकरी लागते, लग्न लागतं, डोळा लागतो. वाट लागते. बोलणं मनाला लागतं. याची यादी दिली होती तुम्हाला कुणी? नांदगावला तुमच्या आईने झेरॉक्स काढून आणलं होतं?"

"नाही हो. कानावर पडत गेलं."

"झालं तर मग. कानावर कुठे पडेल ते शोधायचं."

आणि त्यांनी शोधलं. रविवारी सकाळी काखेत छत्री घेऊन रामकुंडावर जाऊन उभ्या राहिल्या. तिथे परदेशी पाहुणे फिरायला येतात. एक म्हातारं जोडपं हेरून बाई त्यांच्या मागे मागे हिंडल्या, ती दोघं थांबली की थांबायचं, चालली की चालायचं. काही मागायचं नाही, बोलायचं नाही, नुसतं ऐकायचं. शेवटी त्या म्हाताऱ्याला वाटलं, या बाईंना आपला फोटो काढायचाय. त्याने कॅमेराच हातात दिला. बाईंनी काढलाही. "त्यात नवऱ्याचं डोकं आलं नसणार," हे त्यांनीच सोमवारी सांगितलं.

खरी बातमी पुढे होती. "नवरा फोटोसाठी घाटाच्या कठड्यावर चढला. पाय असे लटपटताहेत! बायको कडाडली, ‘गेट डाऊन!’ मग त्यांच्या बुटांपाशी गाय आली. बायको म्हणाली, ‘गेट द शूज!’ तो मुकाट पळाला बूट उचलायला. आता कळलं का? हे बायको नवऱ्याला म्हणते. आई पोराला म्हणत असेल. पण कुणी आपल्या साहेबाला असं म्हणत नसणार. तुमच्या त्या यादीत हे कुठे लिहिलंय?"

त्या दिवसापासून बाईंना एकच ध्यास लागला. कुठलाही वाक्प्रचार समोर आला की विचारायच्या, "कोण कोणाला म्हणतं?" क्रिकेटची इंग्रजी कॉमेंट्री लावून बसायच्या, खेळ बघायच्या नाहीत. नाशिक रोडला बहिणीकडे गेल्या की स्टेशनवर मुद्दाम तासभर बाकड्यावर बसायच्या, कुणी इंग्रजीत भांडतंय का बघायला. "भांडणात भाषा खरी असते. सत्कारात खोटी असते," म्हणायच्या.

वर्गात तर त्यांनी कहर केला. आख्खा श्रावण एकट्या ‘गेट’वर काढला. अर्थ सांगायचा नाही, फळ्यावर लिहायचं नाही. सकाळच्या शाळेत राहिलेला खडू-डस्टर आणायला पोराला पाठवायचं तर ‘गेट’, ओट्यावर चढायचं तर ‘गेट’, उतरायचं तर ‘गेट’, दंगा थांबवून कामाला लागायचं तरी ‘गेट’. पोरांना त्यात कसली आली अडचण! ती आधीपासूनच ‘लागणे’ घेऊन आलेली. एक दिवस फुलवाल्यांच्या घरातली एक आई शाळेच्या दारात उभी राहिली.

"बाई, पोरगी शेळीवर इंग्रजीत वरडती."

"काय म्हणते?"

"गेट डाऊन म्हणती. अन् शेळी उतरती बी! लय हसलो आम्ही घरात. पण असं चालतं का, म्हणून इचारायला आले."

"शेळीला चालत असेल तर मला चालतंय," बाई म्हणाल्या. मग शिक्षकांच्या खोलीत येऊन सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, "त्या शेळीला कुणी यादी दिली नव्हती," असं म्हणून डबा उघडून बसल्या.

शनिवारचे तास म्हणजे जुगलबंदी. पुतण्यासर यादीतलं एक एक वाचायचे, आम्ही माना डोलवायचो, आणि मागच्या बाकावरून बाईंचा प्रश्न ठरलेला.

"सर, हे कोण कोणाला म्हणतं?"

"बाई, तुम्ही अर्थ लिहून घ्या ना."

"अर्थ तुम्ही लिहूनच दिलाय. माणसं लिहिली नाहीत, ती विचारतेय."

एका शनिवारी यादीत ‘गेट लॉस्ट’ आलं. समोर अर्थ होता, ‘निघून जा’. बाईंनी प्रश्न विचारला. सर त्या दिवशी कंटाळले होते, घामाघूम झाले होते. "कोणीही कोणालाही म्हणतं, बाई. झालं समाधान?" बाईंनी मान डोलावली. पुढे तासभर त्या एक शब्द बोलल्या नाहीत, आणि आम्हाला वाटलं, दमल्या. चार वाजले. सरांनी कागद आवरले. बाई उभ्या राहिल्या, हात जोडले आणि अतिशय आदराने म्हणाल्या, "थँक यू, सर. गेट लॉस्ट."

 मग दुसरीच्या बाईंनी तोंडाला पदर लावला आणि खोलीत हसण्याचा स्फोट झाला. सर कानापर्यंत लाल झाले. "मी कोण आहे ते कळतंय का तुम्हाला?" असं ओरडले.

"कोणीही चालतं म्हणालात ना?" बाई म्हणाल्या.

नंतर बऱ्याच जणांनी मला विचारलं, की त्या भोळेपणाने म्हणाल्या की ठरवून. भोळेपणा आणि बाई! त्या तासभर गप्प बसल्या होत्या त्या घड्याळाकडे बघत.

परीक्षा एप्रिलमध्ये झाली. मी त्यांच्या शेजारीच बसले होते. प्रश्नपत्रिकेत यादीतलेच वाक्प्रचार, समोर अर्थासाठी रिकामी जागा. मी भराभरा लिहीत सुटले. बाईंनी लाल पेन्सिल काढली आणि प्रत्येक ओळीपुढे ‘कोण कोणाला?’ असं लिहीत शेवटपर्यंत गेल्या. मग पहिल्या पानाच्या कोपऱ्यात, जिथे गुण देतात तिथे, त्यांनी पुतण्यासरांना शून्य दिलं. सरांनीही त्यांना शून्यच दिलं. फरक एवढाच, की सरांचं शून्य सेक्रेटरींच्या टेबलावर पोचलं.

"बाई, पहिली जाईल हो," मी पेपर देता देता कुजबुजले होते. "तुम्हाला यातलं निम्मं सहज येतं. लिहा ना."

"जाईल," त्या म्हणाल्या. "पण हे असलं लिहून पहिली राखली, तर उद्या पोरांसमोर उभी कशी राहू?" बोलताना त्यांचा आवाज चढलेला होता, पण कोपऱ्यातलं ते शून्य त्या पुन्हा पुन्हा गिरवत होत्या. एरवी बाईंना मी कधी घाबरलेलं पाहिलं नव्हतं.

पहिली गेली. बाईंना सकाळची चौथी मिळाली आणि पहिली माझ्या गळ्यात पडली. मी पैकीच्या पैकी मिळवले होते ना! नाही म्हणावं तर माझी नोकरी अजून कायम झालेली नव्हती. गल्लीत बातमी पसरली तशी स्कूटरवाली सगळी मंडळी बाईंच्या दारात जमली. शाळेवर मोर्चा नेतो म्हणाली. बाईंनी त्यांना उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. "माझं भांडण आहे, मी भांडीन. तुम्ही आपापल्या पोरांची नखं कापा," म्हणून दार लावून घेतलं.

वर्गाच्या कपाटाची किल्ली द्यायला त्या स्वतः आल्या. कपाटात चिंचोके, मणी, रंगीत काड्या, फुटक्या पाट्यांच्या चौकटी, कुणाकुणाची राहून गेलेली टोपी. त्यांनी सगळ्यावरून एकदा हात फिरवला. "तुमचं काही काढून घेताय का?" मी विचारलं. "पोरांचं आहे," त्या म्हणाल्या आणि कपाट लावलं. त्यांचे डोळे कोरडे होते, माझे भरून आले. त्या सेक्रेटरीला जाऊन चार शब्द सुनवावेत असं फार वाटलं.

जूनमध्ये शाळा उघडली. पहिलीचा पहिला दिवस म्हणजे काय असतो ते ज्याने वर्ग घेतलाय त्यालाच कळेल. सगळा वर्ग टाहो फोडत होता. कुणी दाराला लटकलेलं, कुणी चड्डी ओली केलेली, एकीने माझ्या साडीचा काठ दातात धरलेला. मी यादीतलं एक वाक्य म्हणून पाहिलं. माझं मलाच हसू आलं. तेवढ्यात दारात बाई दिसल्या. सकाळची चौथी संपवून, डबा खाऊन आल्या होत्या. त्यांनी चपला पोरांच्या चपलांशेजारी काढल्या, छत्री भिंतीला टेकवली आणि शेवटच्या बसकरपट्टीवर, दोन रडणाऱ्या पोरांच्या मधे, मांडी घालून बसल्या.

"बाई, हे काय?" मी म्हटलं.

"मला शिकवू नको म्हणालेत. शिकू नको असं कुठे म्हणालेत? तुम्ही चालू द्या."

शेजारच्या पोराने रडता रडता त्यांच्याकडे पाहिलं. एवढं मोठं माणूस पहिलीत बसलंय हे बघून त्याचं रडणंच थांबलं. हळूहळू एकेक पोर मागे वळून बघायला लागलं. वर्ग गप्प झाला. मग मी शिकवलं. काय शिकवलं ते आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी बाई आल्या, तिसऱ्या दिवशी आल्या, येतच राहिल्या. मला अडवायच्या नाहीत, सुधारायच्या नाहीत. अगदीच राहवलं नाही तर पोरांसारखं बोट वर करून म्हणायच्या, "बाई, हे कोण कोणाला म्हणतं?" मला उत्तर शोधावं लागायचं. दिवाळीपर्यंत पोरंसुद्धा विचारायला लागली. दिवाळीच्या सुट्टीत मी ती यादी बंबात घातली.

सेक्रेटरींना कळायला वेळ लागला नाही. एका दुपारी ते वर्गात आले. पोरं उभी राहिली, पोरांबरोबर बाईही हाताची घडी घालून उभ्या राहिल्या.

"बाई, तुमची शाळा सकाळीच सुटली. घरी जा."

"साहेब, सकाळ संस्थेची आहे. दुपार माझी आहे."

"वर्गात बाहेरच्या माणसाला बसता येत नाही."

"मग नाव दाखल करून घ्या. जन्माचा दाखला उद्या आणते."

पोरांना ते पटलं असावं, कारण कुणीतरी टाळी वाजवली. सेक्रेटरी माझ्याकडे वळले. "मॅडम, वर्ग तुमचा आहे. तुम्ही सांगा यांना बाहेर व्हायला." सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता. बाई मात्र समोर फळ्याकडे बघत होत्या, जणू मी काय बोलते याच्याशी त्यांचा संबंध नाही. मी हातातला खडू खाली ठेवला.

"सर," मी म्हटलं, "त्यांचा गृहपाठ रोज पूर्ण असतो. मी कुठल्या कारणाने बाहेर काढू?"

सेक्रेटरी निघून गेले. माझी नोकरी गेली नाही. त्या वर्गातल्या निम्म्या पोरांचे बाप बाईंच्या हाताखालून गेलेले होते, आणि त्यांनी मोर्चा काढला नव्हता तरी ते काढू शकतात हे सेक्रेटरींना माहीत होतं. त्या दुपारी शाळा सुटल्यावर बाई छत्री उचलता उचलता मला म्हणाल्या, "रडणारं पोर गप्प करता येतं तुम्हाला." एवढंच. त्यावर मी कितीतरी दिवस खूश होते.

दोन वर्षं त्या अशा पहिलीत बसल्या. हजेरीपटावर त्यांचं नाव कधीच लागलं नाही आणि शिक्षक म्हणून तो वर्ग त्यांना कधीच परत मिळाला नाही.

मग निवृत्ती आली. निरोप समारंभ शाळेच्या पटांगणात, दुपारच्या शाळेच्या वेळात. मंडप, खुर्च्या, स्टेजवर सेक्रेटरी, पुतण्यासर, हार, नारळ. एक खुर्ची बाईंसाठी मोकळी ठेवलेली. बाई आल्या, स्टेजकडे वळल्याच नाहीत, सरळ पहिलीच्या रांगेत जाऊन पोरांमध्ये बसकरपट्टीवर बसल्या. सेक्रेटरींनी भाषण केलं, बाईंची निष्ठा, बाईंचा त्याग, सगळं आलं. मग माईकवरून म्हणाले, "आता आदरणीय बाईंनी सत्कारासाठी मंचावर यावं."

"मी माझ्या वर्गात बसलेय," बाई बसल्या जागेवरून म्हणाल्या.

सेक्रेटरींनी पुन्हा नाव पुकारलं. बाई हलल्या नाहीत. मंडपात चुळबुळ सुरू झाली. मागे उभी असलेली स्कूटरवाली मंडळी पुढे सरकली. शेवटी सेक्रेटरी शाल आणि नारळ घेऊन स्टेजच्या पायऱ्या उतरले, पोरांच्या मांड्यांमधून वाट काढत आमच्यापर्यंत आले आणि बाईंपुढे उभे राहिले. त्यांना वाटलं असणार, आता तरी उठतील. बाई वर मान करून त्यांच्याकडे शांतपणे बघत बसल्या.

"सर, खाली बसा ना," मागून एक पोरगी करवादली. "आम्हाला काय दिसत नाय!"

सेक्रेटरींनी इकडे तिकडे पाहिलं. मग इस्त्रीच्या पँटची पर्वा न करता ते त्या पट्टीवर बसले, बाईंच्या अगदी समोर, गुडघ्याला गुडघा लावून. शाल पांघरली. नारळ हातात दिला. टाळ्या झाल्या. त्यांनी आवाज खाली आणला, पण मी शेजारीच होते, मला ऐकू आलं.

"झालं ना आता, बाई? चला, उठा."

"तुम्ही उठा, साहेब," बाई म्हणाल्या. "माझी पहिली अजून सुटायची आहे."